हेलसिंकीची इर्जिक

बाल्टिक समुद्राचा एक फाटा पूर्वेकडे थेट रशियापर्यंत गेला आहे. त्याला फिनलंडचे आखात म्हणतात. या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, ६० अंश उत्तर अक्षांशाजवळ, फिनलंडची राजधानी हेलसिंकी वसली आहे. स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने १५५० मध्ये हे गाव वसविले ते व्यापारासाठी. समोरच्या तीरावरील ताल्लिनची भरभराटीची पेठ त्याच्या डोळ्यांत सलत होती आणि तिच्या तोडीचे बंदर त्याला हवे होते. तो बेत त्याच्या हयातीत काही साधला नाही. पुढे फिनलंड रशियाच्या ताब्यात गेला, १८१२ मध्ये हेलसिंकी राजधानी झाली आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी देश स्वतंत्र झाला. आज साऱ्या देशाची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आहे. म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी.

प्रवाशाच्या मनावर पहिला ठसा उमटतो तो उजेडाचा. जूनमध्ये सूर्य सुमारे एकोणीस तास मावळत नाही आणि डिसेंबरात जेमतेम सहा तास दिसतो. बंदरालगतच्या कौप्पातोरी या बाजारचौकात उन्हाळ्यात निळ्या, लाल, पिवळ्या रानफळांचे ढीग मापून विकले जातात. तेथून पंधरा मिनिटांच्या बोटप्रवासावर सुओमेनलिन्ना हा सागरी किल्ला आहे. १७४८ मध्ये त्याच्या बांधकामाला आरंभ झाला आणि आता तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाजारापासून चार पावलांवर सेनेट चौक, त्याच्या माथ्यावर पांढरे शुभ्र कॅथेड्रल आणि बाजूला विद्यापीठाची मुख्य इमारत. कॉफीच्या दुकानांतून वेलदोड्याचा वास येतो. आपल्या मसालापेठेतला हा जिन्नस येथील गोड पावात पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. हेलसिंकी पाहून परतणारा प्रवासी बहुधा एवढ्याचीच वर्णने करतो. परंतु या शहराने जगाला दिलेली एक गोष्ट प्रवासी-पुस्तकांत सहसा सापडत नाही, आणि व्यापारी कुटुंबांतील लेकीसुनांच्या दृष्टीने तीच अधिक जवळची आहे.

कायद्याने उघडलेले दार

फिनलंडमध्ये १९०६ साली स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणूक लढविण्याचा, असे दोन्ही अधिकार मिळाले. युरोपात स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार देणारा हा पहिला देश. पुढच्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत २०० सदस्यांच्या सभागृहात १९ स्त्रिया निवडून गेल्या. त्यांत मीना सिलान्पॅ होत्या. त्या लहानपणी गिरणीत आणि नंतर मोलकरीण म्हणून राबल्या होत्या; १९२६ मध्ये त्या देशाच्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या.

त्याही आधीच्या पिढीतील एका स्त्रीची हकीकत व्यापारी घरांत सांगण्यासारखी आहे. मिन्ना कांत या १८७९ मध्ये विधवा झाल्या, तेव्हा पदरी सहा मुले होती आणि सातवे पोटात होते. त्या माहेरच्या कुओपिओ या गावी परतल्या, वडिलांचे सूत-कापडाचे दुकान हाती घेतले आणि ते नफ्यात आणले. दुकान सांभाळून त्यांनी नाटके लिहिली, मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेतला. १९ मार्च हा त्यांचा जन्मदिवस फिनलंडमध्ये समतेचा दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी देशभर राष्ट्रध्वज फडकतो.

फिनिश भाषेतही एक नवल आहे. तिच्यात ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही. दोघांसाठी ‘हॅन’ हा एकच शब्द. संगणकाला त्या भाषेत ‘तिएतोकोने’ म्हणतात, म्हणजे ज्ञानाचे यंत्र. असा कायदा, असा इतिहास आणि अशी भाषा लाभलेल्या देशात या ज्ञानयंत्रापाशी स्त्री-पुरुष सारखेच बसले असतील, असे कोणालाही वाटावे.

तरीही रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या

संगणकाच्या जगात या चिमुकल्या देशाचे काम मोठे आहे. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस तोरवाल्दस याने १९९१ मध्ये लिनक्स या प्रणालीची सुरुवात केली. आज अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात तिचाच गाभा असतो. शेजारच्या एस्पो शहरातील नोकिया कंपनी १९९८ पासून दशकाहून अधिक काळ मोबाइल बनविण्यात जगात पहिली होती. असंख्य संकेतस्थळे ज्या मायएसक्यूएल या माहितीसाठ्यावर चालतात, त्याचे एक जनक मिकाएल विदेनियुस हेही हेलसिंकीचेच. आपल्याकडे दुकानाला मुलीचे नाव देतात, तसे त्यांनी केले: ‘मायएसक्यूएल’मधील ‘माय’ हे थोरल्या मुलीचे नाव आणि पुढे काढलेल्या ‘मारियाडीबी’तील ‘मारिया’ हे धाकटीचे.

मुलींची नावे अशी जगभर पोहोचली, पण कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या खोलीत मुली थोड्याच दिसत. हे फिनलंडपुरते नव्हते. बहुतेक देशांत असेच होते. आणि आरंभापासून तर असे मुळीच नव्हते. अमेरिकेत १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकावर आज्ञावली बसविण्याचे काम सहा तरुणींनी केले होते. बँकांचे व्यवहार पुढे अनेक दशके ज्या कोबोल भाषेत चालले, तिच्या पायाभरणीत ग्रेस हॉपर या विदुषीचा मोठा वाटा होता. मात्र या कामाला मान आणि पैसा मिळू लागला तसा त्याचा चेहरा पुरुषी होत गेला. घरगुती संगणक आले ते मुलांचे खेळणे म्हणून विकले गेले; मुलगा वर्षानुवर्षे त्याच्याशी खेळून महाविद्यालयात येई आणि मुलगी पहिल्या दिवशी प्रथमच त्याला हात लावी. दार कायद्याने उघडे होते. आत या, असे म्हणणारे कोणी नव्हते.

एका शनिवारची गोष्ट

लिंडा लिउकास ही हेलसिंकीची तरुणी. संगणकाकडे ती वळली तीही गमतीने. तेराव्या वर्षी तिला अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर फार आवडत. त्यांच्याविषयी संकेतस्थळ करावे म्हणून ती स्वतःच त्या आज्ञा शिकली. पुढे तिने आल्टो विद्यापीठात शिक्षण घेतले. स्वतःला कार्यक्रम लिहिणे शिकायचे आणि बरोबरीने आणखी काही मैत्रिणींनाही ते दाखवायचे, असे तिच्या मनात होते. तिने आणि कारी सारिनेन या रचनाकाराने २०१० च्या अखेरीस हेलसिंकीत स्त्रियांसाठी एक कार्यशाळा घेतली. तिचे नाव रेल्स गर्ल्स. ती एकदाच व्हायची होती. तिच्यातून जगभर शाखा निघतील, हे आयोजकांच्या ध्यानीमनीही नव्हते.

‘रेल्स’ हे नाव एका साधनाचे आहे. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थाने १९९५ मध्ये रुबी ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. लिहिणाऱ्या माणसाला आनंद वाटावा, हे त्याने उघडपणे ध्येय ठेवले होते. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश तरुणाने तिच्यावर २००४ मध्ये ‘रुबी ऑन रेल्स’ ही चौकट उभारली. दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांच्या साह्याने नवख्या माणसालाही एका दिवसात चालते संकेतस्थळ उभे करता येते. एका दिवसाच्या वर्गाला हे साधन सोयीचे ठरले, ते यामुळे.

कार्यशाळेचा क्रम ठरलेला असतो. शुक्रवारी संध्याकाळी सर्वजणी आपापला लॅपटॉप घेऊन येतात. कोणाचा जुना, कोणाचा नवा, प्रत्येकाची खोड निराळी. लागणारी सामग्री त्यात बसविणे, हेच त्या संध्याकाळचे काम. नवशिक्याचा धीर सर्वांत आधी सुटतो तो याच टप्प्यावर, घरी एकटे असताना. म्हणून ते चहा-फराळासह सर्वांनी मिळून उरकायचे. शनिवारी सकाळी प्रथम कागद-पेन्सिलीचा खेळ होतो. जपानी जेवणाच्या डब्यात जसे कप्पे असतात, तसा एक चौकटींचा डबा काढतात आणि संकेतस्थळाचे निरनिराळे भाग योग्य कप्प्यात घालायला सांगतात: डोळ्यांना दिसणारे पान एका कप्प्यात, माहितीचा साठा दुसऱ्यात, निर्णय करणारी आज्ञावली तिसऱ्यात आणि हे सारे ज्या यंत्रावर चालते ते चौथ्यात. आपल्याकडे हाच खेळ मिसळणाच्या डब्यावर बसविता येईल. मोहरीच्या वाटीत हळद सांडली की काय होते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष काम. प्रत्येक जण मनात आलेल्या कल्पनांची नोंद ठेवणारे छोटे संकेतस्थळ तयार करते. नोंदीला नाव, वर्णन आणि चित्र असे तीन रकाने. एकच आज्ञा दिली की रेल्स त्याचा सांगाडा उभा करते. इमारतीभोवती बांधतात त्या परांचीचेच नाव त्या आज्ञेला आहे. मग नवी नोंद घालणे, जुनी पाहणे, तीत दुरुस्ती करणे आणि ती काढून टाकणे ही चार कामे करता येतात. दुकानाची बिले, बँकेची खाती, रेल्वेचे आरक्षण, सगळ्यांच्या मुळाशी हीच चार कामे असतात. रोजमेळावरून खतावणी करणाऱ्या घरातल्या स्त्रीला रकाना, नोंद आणि खाते या कल्पना नव्या नसतात. नवी असते ती फक्त त्यांची लिपी. दुपारपर्यंत पडद्यावर आपण लिहिलेली पहिली नोंद उमटते. संध्याकाळी ते पान इंटरनेटवर चढविले जाते आणि घरच्या माणसांना मोबाइलवर उघडून दाखविता येते.

शिकविण्याची रीत

या उपक्रमाचे मर्म त्या तांत्रिक क्रमात आहे, त्याहून अधिक शिकविण्याच्या रीतीत आहे. शिकविणारे हे नोकरी-धंद्यातले अनुभवी लोक असतात, पुरुषही असतात. ते मानधन घेत नाहीत. दोन-तीन जणींमागे एक असे ते बसतात, त्यामुळे कोणालाही हात वर करून भर सभेत अडाणी ठरावे लागत नाही. जागा आणि जेवण यांचा खर्च स्थानिक कंपन्या उचलतात; येणाऱ्यांना शुल्क नसते.

अशा वर्गांत दोन संकेत कसोशीने पाळले जातात. पहिला असा की, शिकविणाऱ्याने शिकणारीच्या कळफलकाला हात लावायचा नाही. चूक दिसली तरी बोटाने दाखवायची, टंकायचे तिनेच. दुसरा असा की, ‘हे तर अगदी सोपे आहे’ हे वाक्य उच्चारायचे नाही. जे सोपे म्हणून सांगितले तेच जमले नाही, तर माणूस दोष स्वतःच्या बुद्धीला देतो आणि पुन्हा येत नाही. पडद्यावर लाल अक्षरांत चूक दाखविणारा मजकूर आला की नवखी स्त्री दचकते, आपण यंत्र बिघडविले असे तिला वाटते. अनुभवी माणसाला तसा मजकूर दिवसातून कित्येकदा येतो, हे तिला शेजारी बसलेल्याकडून कळते आणि तिची भीती बरीच ओसरते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तो काळ ज्यांना आठवतो त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. वर्षानुवर्षे सुवाच्य अक्षरात खाती लिहिणारे कर्मचारी त्या यंत्रापुढे बिचकत. आकडेमोड त्यांना नवी नव्हती. चारचौघांत चुकण्याची धास्ती मात्र मोठी होती.

फिनिश समाजात ‘तालकोत’ नावाची जुनी चाल आहे. कोणाचे धान्य काढायचे असो की छप्पर घालायचे असो, शेजारीपाजारी जमतात, काम उरकतात, मजुरी घेत नाहीत. यजमान सर्वांना जेवू घालतो. आजही तेथील गृहसंकुलांत वसंत ऋतूत अंगण झाडण्यासाठी तालकोत होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको; आपल्याकडे हिलाच इर्जिक म्हणतात. शनिवारच्या त्या वर्गात जाणकारांनी आपला दिवस द्यावा आणि यजमानांनी जेवण घालावे, ही मांडणी हेलसिंकीकरांना परकी वाटली नसणार.

इर्जिक गावोगाव गेली

वर्ग कसा घ्यावा, काय शिकवावे, निमंत्रण कसे लिहावे, याची सारी टिपणे कोणालाही वापरता येतील अशी खुली ठेवण्यात आली. त्यामुळे गावोगावच्या लोकांनी आपापल्या हिमतीवर वर्ग भरविले. आशिया, युरोप, अमेरिका अशा अनेक खंडांत ते झाले, पुण्यातही झाले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे सारा मे आणि सारा ॲलन यांनी २००९ मध्येच रेल्सब्रिज नावाने असा प्रयत्न सुरू केला होता. जुलै २०१४ मध्ये बर्लिनला पायथन भाषेची युरोपीय परिषद भरली असताना ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोन पोलिश तरुणींनी याच धर्तीवर जँगो गर्ल्सचा आरंभ केला. त्यांची शिकवणी कथेसारखी वाचता येते आणि तिच्या शेवटी प्रत्येकीची स्वतःची अनुदिनी इंटरनेटवर उभी राहते.

या वर्गांची मर्यादाही स्पष्ट आहे. एका दिवसात कोणी कार्यक्रम लिहिणारी होत नाही. शनिवारचा उत्साह पुढच्या बुधवारपर्यंत टिकेलच असे नाही. घरकाम, मुले आणि दुकान यांतून सरावाला वेळ काढणे अवघड असते. ही उणीव आयोजकांनाही दिसली. म्हणून काही शहरांत दर आठवड्याला भेटणारी अभ्यासमंडळे निघाली आणि बर्लिनमधून २०१३ मध्ये विद्यावेतनासह उन्हाळी उपक्रम सुरू झाला. जेथे पुढची पायरी बांधली गेली, तेथे पहिली पायरी उपयोगी पडली.

लिउकास यांनी पुढे लहान मुलांसाठी ‘हॅलो रुबी’ हे सचित्र पुस्तक लिहिले. त्यासाठी २०१४ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली होती १० हजार डॉलरची. जमले सुमारे ३ लाख ८० हजार डॉलर. फिनलंडने २०१६ पासून शाळेच्या पहिल्या इयत्तेपासूनच्या अभ्यासक्रमात कार्यक्रमलेखनाची ओळख घातली. आता मुलगा आणि मुलगी एकाच वर्गात, एकाच वेळी त्याचा पहिला धडा घेतात. हेलसिंकीच्या रुओहोलाहती भागात तर लिउकास यांच्या कल्पनेतून संगणकाच्या रचनेवर बेतलेले बालक्रीडांगण महापालिकेने उभारले आहे.

प्रवाशाने पाहावे असे ग्रंथालय

हेलसिंकीला जाणाऱ्याने ओदी हे मध्यवर्ती ग्रंथालय चुकवू नये. रेल्वे स्थानकापासून ते पायी काही मिनिटांवर, संसद भवनाच्या समोरच आहे. स्वातंत्र्याच्या १०१ व्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, ५ डिसेंबर २०१८ रोजी, ते खुले झाले. वरच्या मजल्यावर पुस्तके आहेत. मधल्या मजल्यावर मात्र शिलाई यंत्रे, त्रिमितीय छपाईची यंत्रे, संगणक आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत, आणि त्या नागरिकांच्या वापरासाठी आहेत. कोणी ओढणीची किनार शिवीत बसावे आणि शेजारी कोणी संगणकावर आराखडा आखावा, असे एकाच छताखाली चालते. शिलाई यंत्राला न बिचकणारी स्त्री त्याच दालनातील संगणकालाही हळूहळू बिचकेनाशी होईल, ही आशा ती मांडणी पाहून सहज मनात येते.

आपल्या व्यापारी घरांपुढील प्रश्न याहून फार निराळा नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहान दुकानाचा हिशेबही संगणकावर गेला. बिले टंकणे, साठ्याची नोंद ठेवणे, विवरणपत्राची जुळवाजुळव करणे ही कामे पुष्कळ घरांत सुना आणि मुली करतात. परंतु प्रणालीत थोडा बदल हवा असला, एखादा रकाना वाढवायचा असला, तर बाहेरच्या माणसाला बोलवावे लागते. तो सांगेल ते दाम आणि तो सांगेल तो दिवस. पूर्वी चोपडी वाचता न येणारा मालक मुनिमाच्या हाती असे, तसेच हे. ज्याच्या हाती ससा तो पारधी. घरातल्या एखादीला त्या प्रणालीचे कप्पे कळले, तर ती स्वतः बदल करील किंवा निदान नेमका प्रश्न विचारील. त्यासाठी तिने नोकरीला जावे किंवा जाऊ नये, हा वेगळा विचार आहे आणि तो तिचा तिने करावा.

हेलसिंकीच्या त्या पहिल्या शनिवारला लागले ते फार नव्हते. एक मोठी खोली, चालू इंटरनेट, पुरेसे विजेचे बोर्ड, दोन-तीन जणींमागे एक धीराने शेजारी बसणारा जाणकार आणि दुपारचे जेवण. आपल्या गावोगावच्या मंगल कार्यालयांत आणि महिला मंडळांच्या सभागृहांत यांपैकी बहुतेक गोष्टी आजही आहेत. लहान मुले सांभाळायला एखादी आजी त्यात मिळाली, तर आईला दिवसभर निश्चिंतपणे बसता येईल. जाणकारही दूर शोधायला नकोत; पुण्या-मुंबईत आणि बंगळुरूत संगणकाच्या नोकरीत असलेली आपली मुले-मुली दिवाळीला घरी येतातच. त्यांच्या सुटीतला एक शनिवार मागून घ्यावा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कधी भेटायचे, ती तारीख त्याच दिवशी ठरवून ठेवावी.